सोनोग्राफीतल्या ‘गाठी’ आणि पाळीच्या गोळ्या

प्रश्न : मुलगी 19 वर्षांची. तेराव्या वर्षी पाळी सुरू झाली, आता दोन-अडीच महिन्यांनी येते. हनुवटीवर राठ केस आलेत. सोनोग्राफीत पीसीओडी (अंडाशयात पुष्कळ छोट्या ‘गाठी’ दिसण्याचा विकार) निघालं. गाठींचं ऑपरेशन करावं लागेल का? पाळीसाठी दिलेल्या गोळ्या गर्भनिरोधक निघाल्या, म्हणून दिल्याच नाहीत.
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ऑपरेशन नको, ताई. त्या गाठी नाहीतच, बीजकोश आहेत, म्हणजे अंडाशयातल्या बीज वाढवणाऱ्या छोट्या पिशव्या. द्राक्षाच्या घडात मणी भरपूर धरावेत आणि एकही फुगू नये, तसं हे. एरवी महिन्याला एक बीजकोश 20 मिलिमीटरच्या आसपास वाढून फुटतो. इथे ते 2 ते 9 मिलिमीटरवरच अडकतात, बीज सुटत नाही आणि पाळी लांबते. मुळाशी बहुतेकदा इन्सुलिन असतं. शरीर त्याला दाद देईनासं झालं की रक्तात ते वाढतं आणि अंडाशयाला जास्त पुरुषी संप्रेरकं बनवायला लावतं. हनुवटीवरचे केस त्यातलेच.

पाळी सुरू होऊन 8 वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करू नये, कारण निरोगी मुलींतही असे बीजकोश दिसतात. तुमच्या मुलीत लांबलेली पाळी आणि राठ केस दोन्ही आहेत, म्हणून शंका रास्त आहे. तरी दुसरं कारण नाही ना हे बघायला टीएसएच (थायरॉईडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) आणि 17-ओएच प्रोजेस्टेरॉन (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा दोष कळायला) तपासून घ्या. साखर 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी बघावी. नुसती उपाशीपोटीची पुष्कळदा नॉर्मल येते आणि घरचे निर्धास्त होतात.

आता गोळ्या. त्या इथे गर्भाशयाचं अस्तर वेळच्या वेळी पाडायला आणि पुरुषी संप्रेरकं दाबायला देतात. त्यांनी पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. मात्र डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत असेल, बीपी असेल, तिला किंवा घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. केसांत फरक पडायला 6 महिने लागतात. दोन महिन्यांत ‘उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. काहीच न घेता 90 दिवस पाळी आली नाही, तर मात्र थांबू नका. साचत राहिलेलं अस्तर पुढे कर्करोगापर्यंत जाऊ शकतं.

वजन जास्त असेल तर 5 टक्के उतरलं तरी पाळी सुधारू शकते, म्हणजे 70 किलोला साडेतीन किलो. उपासाची साबुदाणा खिचडीही वजन वाढवणाऱ्या खाण्यात मोजा. साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च आहे.

प्रश्न : पीसीओडीसाठी दिलेल्या मेटफॉर्मिनने (शरीराची इन्सुलिनला दाद वाढवणारी गोळी) जुलाब होतात. बंद करू?
– वाचक, पंचवटी

उत्तर : डॉक्टरांना विचारून 500 मिलिग्रॅमवर या, रात्रीच्या जेवणासोबत घ्या. उपाशीपोटी नको. डोस आठवड्या-दोन आठवड्यांनी वाढवतात. तरी सोसत नसेल तर सावकाश विरघळणारी ‘एसआर’ गोळी मिळते. वर्षानुवर्षं घेणार असाल तर जीवनसत्त्व बी-12 तपासत राहा, ते या गोळीने कमी होऊ शकतं.