रोज पुसायचो, तरी बोनेटवर जाळी कशी आली?

प्रश्न : ताई, गाडी घेऊन आठ महिने झाले, रंग काळा. रोज सकाळी निघायच्या आधी मी स्वतः कोरड्या फडक्याने पुसतो, रविवारी धुतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तरी आता ऊन पडलं की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात. सावलीत नेली की गाडी एकदम नवी वाटते. एवढं जपून हे असं का झालं? आणि घरी धुवायची नीट पद्धत काय?

उत्तर : तुमचं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं, कारण तुमचं जपणं कुठे कमी पडलेलं नाहीये, चरे त्या रोजच्या सकाळच्या पुसण्यानेच पडलेत. रात्रभर गाडीवर बसणारी धूळ दिसायला पावडरसारखी मऊ असते पण तिच्यात वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात आणि कठीणपणाच्या मोहस मोजपट्टीवर क्वार्ट्झ 7 वर येतं, साध्या काचेपेक्षाही कडक. कोरडं फडकं फिरवलं की हे कण त्याच्याखाली अडकतात आणि तुम्ही हात फिरवाल तिथे घासत जातात, म्हणजे हातात फडकं असलं तरी काम पॉलिश पेपरचं चाललेलं असतं. आणि घासलं काय जातं, तर रंगाच्या वर असतो तो पारदर्शक थर, क्लिअर कोट. तो साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो, आपल्या डोक्याचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास धरला तर त्याहून पातळ.

चरे गोल दिसतात ते मात्र खरे गोल नसतात. ते सगळ्या दिशांना पडलेले असतात, त्यातले उन्हाच्या प्रतिबिंबाभोवती आडवे येतील तेवढेच चमकतात म्हणून आपल्याला जाळी दिसते. दोन पावलं बाजूला सरकून बघा, जाळीही तुमच्याबरोबर सरकेल. पांढऱ्या गाडीवरही हे असतंच, फक्त दिसत नाही, काळा रंग काहीच लपवत नाही.

म्हणून पहिलं काम, उद्यापासून ते सकाळचं पुसणं बंद. मला माहितेय हे जड जाईल, धुळकट गाडी घेऊन निघायचं म्हणजे जिवावर येतं, पण नुसती बसलेली धूळ रंगाला ओरखडत नाही, तिला घासलं की ओरखडते. पुढची काच तेवढी पुसा, तीही पाणी मारून.

आता धुणं. गाडी सावलीत लावा आणि बोनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर थांबा, कारण गरम पत्र्यावर शाम्पू धुवायच्या आधीच वाळतो आणि डाग धरतो. हातातली अंगठी, घड्याळ, कमरेचा पट्टा काढून ठेवा. मी पहिल्या गाडीचा टप धुताना दरवाजाला टेकून उभी राहायचे आणि पट्ट्याच्या बकलने दरवाजावर जे ओरखडे पडले ते कशाचे आहेत हे मला बरेच महिने कळलंच नव्हतं.

मग नुसतं पाणी. हात, फडकं, स्पंज काही लावायचं नाही, पाइपने टपापासून खाली येत येत सगळीकडे पाणी मारायचं, चाकांच्या वरच्या कमानी आणि दरवाजांच्या खालच्या कडा इथे जरा जास्त वेळ, कारण सगळी माती तिथेच साठते. घाई बहुतेक लोक इथेच करतात, दोन मग पाणी ओतलं की लगेच स्पंज हातात. खरं तर जेवढी माती पाण्याने जाईल तेवढी हाताखाली येणार नाही, त्यामुळे इथे घालवलेली पाच मिनिटं कुठल्याही महागड्या शाम्पूपेक्षा जास्त उपयोगाची आहेत. प्रेशर वॉशर असेल तर रुंद फवारा ठेवा आणि नोझल पत्र्यापासून फूटभर तरी लांब धरा, रंगाचा कुठे टवका उडालेला असेल तर तिथे थेट झोत नको, कडेने रंग उचकटतो.

यानंतर दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. स्पंजऐवजी मायक्रोफायबरचा हातमोज्यासारखा मिट घ्या, त्याच्या लांब दोऱ्यांमध्ये माती आत ओढली जाते, स्पंजच्या सपाट तोंडावर ती तशीच राहते आणि घासली जाते. मिट शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, समजा अर्धं बोनेट, मग आधी साध्या पाण्यात खळबळून पिळा आणि मगच परत शाम्पूत. एकच बादली असली की काढलेली माती आपण त्याच पाण्यातून परत गाडीवर नेतो. साधं पाणी गढूळ झालं की ओतून द्या, कंटाळा करू नका.

वरून खाली या. टप, काचा, बोनेट, डिकी, मग दरवाजांचा वरचा अर्धा भाग आणि सगळ्यात शेवटी खालचा भाग न बंपर. हात सरळ रेषेत फिरवा, दाब अजिबात नाही, मिटच्या स्वतःच्या वजनाने जेवढं निघेल तेवढंच, एखाद्या ठिकाणची माती निघाली नाही तर जोर लावू नका, परत पाणी मारा. चाकांना वेगळं फडकं, वेगळी बादली, तिथे ब्रेकमधून झडलेली लोखंडाची भुकटी असते, ते फडकं चुकूनही रंगावर आणायचं नाही. आणि मिट खाली जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद समजा, वरवर झटकून परत वापरू नका.

शाम्पू पाण्याने धुवून काढला की पुसायच्या आधी पाइपचं नोझल काढून अगदी हळू धार टपावर सोडा, बरंचसं पाणी चादरीसारखं एकसंध ओघळून जातं आणि पुसायला थोडंच उरतं. मग मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून ठेवायचा आणि हलकेच ओढायचा किंवा नुसता टिपायचा. त्याच्या कडेला शिवलेला लेबलचा तुकडा आधी कापून टाका. आपोआप वाळू देऊ नका, जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम थेंबांच्या आकारात मागे राहतं आणि ते पांढरे डाग नंतर घासून काढायच्या नादात परत चरे.

प्रश्न : कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड चालेल का? फेस तर त्यांचाच छान होतो.

उत्तर : फेसावर जाऊ नका. भांड्यांचं लिक्विड तेलकटपणा काढायलाच बनवलेलं असतं, ते गाडीवरचं वॅक्स, म्हणजे रंग जपायला लावलेला मेणाचा थर, तोही काढून नेतं. एकदा वापरल्याने रंग खराब होणार नाही, पण दर आठवड्याला नको. कपड्यांची पावडर तर नकोच, ती अल्कली असते आणि न विरघळलेले दाणे हाताखाली येतात ते वेगळंच. गाडीच्या शाम्पूत निसरडेपणा असतो, माती मिटखालून सरकून जाते, आपल्याला हवं असतं ते हेच.

प्रश्न : आमच्या पार्किंगमध्ये नळ नाही, वरून एक बादली आणता येते फक्त. मग ओल्या फडक्यानेच पुसायचं का?

उत्तर : एकच ओलं फडकं सगळ्या गाडीवर फिरवणं म्हणजे कोरड्या पुसण्याचा जरासा बरा भाऊ, त्याने चरे पडणारच. तुमच्यासाठी रिन्सलेस वॉश नावाचं लिक्विड मिळतं, बादलीभर पाण्यात अगदी थोडं घालायचं, बाटलीवर प्रमाण दिलेलं असतं, आणि नंतर धुवावं लागत नाही. त्यातले पॉलिमर मातीच्या कणाभोवती गुंडाळले जातात न कण रंगावरून सुटतो. हेच पाणी झाडांवर फवारायच्या हातपंपात भरून आधी एका भागावर फवारा, दोनेक मिनिटं थांबा, मग भिजवलेलं मायक्रोफायबर फिरवा. अशी सात-आठ फडकी लागतील. प्रत्येकाची चार पदरी घडी केली की आठ बाजू मिळतात, एक बाजू एकदाच वापरायची न पुढची उलगडायची, मळलेलं फडकं परत बादलीत बुडवायचं नाही. पण गाडी चिखलाने भरलेली असेल तर हा उपाय नाही, त्या दिवशी कुठेतरी नळाखाली न्यावीच लागेल. फडकी घरी वेगळी धुवा, सुती कपड्यांत टाकली तर त्यांची लव चिकटते, आणि फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने धागे बुजतात.

प्रश्न : पक्ष्याची विष्ठा वाळून घट्ट झालीये, नखाने खरवडली तर?

उत्तर : नको नको! तिच्यात आम्ल असतं आणि बऱ्याचदा वाळूचे दाणेही. टिश्यूच्या दोन-तीन घड्या पाण्यात चिंब भिजवून त्यावर दहा मिनिटं ठेवा, मऊ झालं की त्याच टिश्यूने चिमटीत धरून वर उचला, घासू नका. पण शक्यतो त्याच दिवशी, उन्हात गाडी तापली की आम्ल क्लिअर कोटमध्ये खोल जातं आणि मग धुतलं तरी खुणेचा ठसा राहतो.

प्रश्न : बाइकला पण हेच सगळं का? टाकी मॅट रंगाची आहे.

उत्तर : पद्धत हीच. फक्त इंजिन न सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या, चाकांचे बेअरिंग, चेन आणि हँडलवरची बटणं यांच्यावर जोराचा झोत नको. मॅट रंगाला वॅक्स किंवा पॉलिश अजिबात लावू नका, घासलेल्या जागी चकाकी येते ती परत जात नाही. चेन वाळली की तेल द्या, आणि निघाल्यावर हळू चालवत दोन-चारदा ब्रेक दाबा, ओले असतात.

प्रश्न : ताई, पहिला प्रश्न माझाच होता. पडलेले चरे आता जातील का? रबिंग कंपाऊंड, ती चरे घासून काढायची खरखरीत पेस्ट, आणून ठेवलंय.

उत्तर : डबा उघडू नका अजून. चऱ्यावरून आडवं नख फिरवा, नख अडकलं तर चरा खोल आहे, तो पॉलिशने पूर्ण जाणार नाही, तो एखाद्या चांगल्या पेंटरला दाखवा. नाही अडकलं तर जाईल, पण जातो म्हणजे काय ते लक्षात घ्या, चरा भरला जात नाही, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून सपाट केला जातो. थर आधीच केसाहून पातळ, झिजलेला परत येत नाही, म्हणजे हे काम गाडीच्या आयुष्यात मोजक्याच वेळा करता येतं. त्यामुळे आधी दोन-तीन महिने धुण्याची सवय बदला, नवीन चरे पडायचे थांबलेत ना हे उन्हात उभं राहून तपासा. मग कंपाऊंडने नाही तर सगळ्यात सौम्य पॉलिशने, डिकीच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर करून बघा. तेवढ्याने जाळी गेली तर कंपाऊंड लागणारच नाही.