पिवळी जर्सी, थांबणारा ग्रुप आणि इंजेक्शनचा प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न टूर द फ्रान्स ही सायकल रेस आणि डोपिंग, म्हणजे बंदी असलेली औषधं घेणं, यांवरचेच आहेत. त्यातले चार घेतलेत.

प्रश्न : दादा, स्लोव्हेनियाच्या पोगाचारने २०२०, २१, २४ आणि २५ अशा चार टूर मारल्या. २०२४ ला प्लाटो द बेयचा चढ तर इटालियन रायडर पंतानीच्या १९९८ च्या रेकॉर्डपेक्षा तीन मिनिटांहून जास्त फास्ट चढला. पंतानीच्या काळात सगळे ईपीओ हे औषध घ्यायचे म्हणतात, मग त्यांच्यापेक्षा फास्ट जाणारा स्वच्छ कसा? आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज भांडणं होतात. (एक वाचक, शाहूपुरी, सातारा)

भांडणं होणारच, प्रश्नच तसा आहे. पहिलं म्हणजे पोगाचारची एकही टेस्ट आजवर पॉझिटिव्ह आलेली नाही आणि पुरावा नसताना कुणाला चोर म्हणायचं नाही हे मी पाळतो. पण टेस्ट निगेटिव्ह म्हणजे विषय संपला, हेही मला पटत नाही, कारण लान्स आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षं हेच सांगत फिरला. १९९९ ते २००५ सलग सात टूर, आणि २०१२ ला सातच्या सात काढून घेतल्या, त्या कुठल्या एका टेस्टमुळे नाही तर त्याच्याच टीममधल्या रायडर्सनी शपथेवर सगळं सांगितलं म्हणून.

ईपीओ काय करतं ते समजून घ्या, मग पुढचं कळेल. आपली किडनी हे हार्मोन बनवते, ते हाडांच्या मगजाला सांगतं की लाल पेशी वाढवा, आणि डायलिसिसच्या पेशंटला हेच इंजेक्शन देतात कारण त्याची किडनी ते बनवत नाही. आता तेच धडधाकट माणसाला दिलं की लाल पेशी वाढतात, ऑक्सिजन जास्त वाहून नेला जातो, पण रक्तही घट्ट होतं. नव्वदच्या दशकात याची टेस्टच नव्हती, म्हणून यूसीआयने (सायकलिंगची जागतिक संघटना) १९९७ ला नुसती मर्यादा घातली, रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं तर रेसमधून बाहेर. पंतानी १९९९ च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीच्या मोठ्या रेसमध्ये, ५२ वर सापडला, तेही रेस जवळजवळ खिशात असताना. आता २००८ पासून बायोलॉजिकल पासपोर्ट आहे, म्हणजे एकाच माणसाचं रक्त वर्षानुवर्षं तपासून आलेख ठेवतात आणि त्यात अचानक उडी दिसली तर जाब विचारतात. पूर्वीसारखं बिनधास्त घेणं आता अवघड आहे, अशक्य आहे असं मी म्हणणार नाही.

वेग वाढायला बाकीचीही कारणं आहेत. पूर्वी तासाला ६० ग्रॅम कार्ब्ज म्हणजे खूप झालं असं मानायचे, आता १०० ते १२० ग्रॅम खातात आणि पोटाला त्याची महिनोन्महिने सवय लावतात. टायर रुंद झाले, हवेचा अडथळा कमी करणारे कपडे आणि सायकली आल्या, उंचीवरचे कॅम्प नेहमीचे झाले. हे सगळं खरंय, पण एवढ्याने तीन मिनिटं पूर्ण भरून निघतात का, हा तुमचा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो विचारण्यात काही गैर नाही. पोगाचारच्या टीमचा प्रमुख माउरो जानेत्ती हा २००८ ला साउनिए दुवाल टीमचा मॅनेजर होता. त्या वर्षी त्यांचा रिकार्दो रिक्को टूरमध्ये पॉझिटिव्ह निघाला आणि अख्खी टीम रेस सोडून गेली. यावरून पोगाचारबद्दल काहीच सिद्ध होत नाही, पण शंका घ्यायचीच असेल तर नुसतं घड्याळाकडे बघून घेऊ नका. रायडरच्या आजूबाजूला कोण आहे, डॉक्टर कोण, मॅनेजर कोण, आणि प्रश्न विचारला की ते उत्तर देतात की अंगावर येतात, हे बघा.

प्रश्न : यलो जर्सीवाला, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यात पुढे असलेला, पडला की बाकीचे थांबतात म्हणे, आणि शेवटच्या दिवशी पॅरिसला जाताना शॅम्पेन पितात. मग ही रेस आहे की नाटक? (विश्रामबाग, सांगली)

नाटक अजिबात नाही. तीन आठवडे, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास, आणि पुढच्याच्या मागे चिकटून गेलं की वारा कापायची कितीतरी मेहनत वाचते, म्हणजे ज्याला हरवायचंय त्याच्याच आडोशाला रोज चार-पाच तास घालवायचे. असं जगायचं तर काही न लिहिलेले नियम लागतातच. यवतेश्वरच्या घाटात रविवारी कुणाचं पंक्चर झालं तर आपला ग्रुप थांबतो ना, तशीच ती भावना, फक्त तिकडे पणाला खूप काही असतं. २००१ ला आर्मस्ट्राँगचा प्रतिस्पर्धी उलरिश उतारावर रस्ता सोडून खाली गेला तर आर्मस्ट्राँग थांबला, २००३ ला लुझ आर्दिदेनच्या चढावर आर्मस्ट्राँगचं हँडल प्रेक्षकाच्या पिशवीत अडकून तो आपटला तर उलरिशने वेग कमी केला. २०२२ ला पोगाचार उतारावर पडला तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी विंगेगार्ड त्याच्यासाठी थांबला, पोगाचारने येऊन त्याच्या हातात हात दिला, आणि मग पुढच्या चढावर दोघं पुन्हा जिवाच्या आकांताने भिडले. उलटही होतं. २०१० ला अँडी श्लेकची चेन पडली आणि काँतादोर निघून गेला, त्या दिवशी ३९ सेकंद मिळाले आणि पॅरिसमध्ये तो जिंकला तोही ३९ सेकंदांनीच. पुढे क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या औषधाच्या केसमध्ये ती टूर काढून घेऊन श्लेकला दिली, पण लोकांच्या मनात ती चेन आजही आहे.

मला हे सगळं मनापासून आवडतं, आणि म्हणूनच एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. ज्या एकीमुळे हे लोक पडलेल्यासाठी थांबतात, त्याच एकीने डोपिंगही झाकलं. आपल्यातलं बाहेर सांगायचं नाही, हाही त्याच न लिहिलेल्या नियमांतला एक नियम होता.

फिलिप्पो सिमेओनी हा इटालियन रायडर बघा. डॉक्टर मिकेले फेरारीने मला ईपीओ कसं घ्यायचं ते सांगितलं, अशी त्याने कोर्टात साक्ष दिली होती, आणि फेरारी हा आर्मस्ट्राँगचा माणूस. २००४ च्या टूरचा अठरावा स्टेज म्हणजे टप्पा, सिमेओनी पुढे पळालेल्या सहा जणांना गाठायला निघाला. एकूण यादीत तो इतका मागे होता की त्याच्यापासून कुणालाच धोका नव्हता. तरी पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे गेला! आता यलो जर्सी सोबत आली म्हणजे मागचा ग्रुप सोडणारच नाही, त्या सहा जणांचा दिवस वाया जाणार, म्हणून त्यांनीच सिमेओनीला मागे जायला सांगितलं. तो बिचारा गेला. पेलोटॉनमध्ये, म्हणजे मुख्य घोळक्यात, परतल्यावर बाकीच्यांनी त्याला शिव्या घातल्या, आणि आर्मस्ट्राँगने कॅमेऱ्याकडे बघून ओठांवरून झिप ओढल्यासारखी खूण केली. त्याआधी १९९९ ला ख्रिस्तोफ बासोंसोबतही हेच झालं, तो डोपिंगबद्दल पेपरात लिहायचा, शेवटी एकटा पडून त्याने टूर अर्धवट सोडली.

आणि तुम्ही विचारलेली शॅम्पेन. शेवटच्या दिवशी पॅरिसचं सर्किट येईपर्यंत कुणी हल्ला करत नाही, हा संकेत. त्या वर्षी सिमेओनीने तो मुद्दाम मोडला, सुरुवातीपासून परत परत पळाला आणि आर्मस्ट्राँगची टीम दर वेळी त्याला पकडून आणत राहिली. परंपरेचा मान ठेवणारा माणूस आहे मी, पण त्या दिवशी ती मोडणाराच बरोबर होता असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : सायकलमध्येच मोटर लपवतात हे खरं का? (कराड)

हो, एकदा पकडलंय. २०१६ ला सायक्लोक्रॉसच्या (चिखल-मातीतली सायकल रेस) वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये बेल्जियमच्या फेम्के व्हान डेन ड्रीशच्या सायकलीत मोटर सापडली, सहा वर्षांची बंदी बसली. आता मोठ्या रेसमध्ये सायकली स्कॅन करतात, एक्स-रेसुद्धा काढतात.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, राज्य पातळीवर सायकल चालवतो. जिममधला एक जण म्हणतो रेसच्या आधी एक इंजेक्शन घे, दम लागत नाही, आणि रेसनंतर सलाईन लाव, दुसऱ्या दिवशी फ्रेश. सगळेच घेतात म्हणे. काय करू? (एक आई, मिरज)

ताई, दोन्ही गोष्टींना आजच नाही म्हणा. आपल्याकडच्या जिममध्ये जे इंजेक्शन फिरतं ते बहुतेक वेळा मेफेंटरमिन असतं, म्हणजे ऑपरेशनमध्ये भूल दिल्यावर रक्तदाब पडला तर डॉक्टर वापरतात ते औषध. स्पर्धेत त्यावर बंदी आहे आणि चार वर्षांपर्यंत घरी बसावं लागू शकतं. पण बंदीचं नंतर बघू, आधी जिवाचं बघा. असली औषधं दम घालवत नाहीत, दम लागलाय हे कळू देत नाहीत. टॉम सिम्पसन १९६७ ला भर उन्हात माँ व्हाँतूच्या चढावर कोसळून दगावला तेव्हा वय होतं २९, रक्तात अ‍ॅम्फेटामिन आणि दारू सापडली. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात पोरं चढावर सराव करतात, तिथे शरीर थांब म्हणतंय हे ऐकू येणं फार महत्त्वाचं.

सलाईनचं तर बऱ्याच कोचनाही माहीत नसतं. हॉस्पिटलच्या खऱ्या उपचाराशिवाय १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त शिरेतून घेणं हे नियमाने डोपिंगच आहे, मग बाटलीत नुसतं मीठपाणी का असेना.

आणि "सगळेच घेतात" हे आर्मस्ट्राँगच्या काळातलंच वाक्य आहे, फक्त आता ते मिरजेत ऐकू येतंय. वाडा या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकड्यांत भारताच्या ५६०६ नमुन्यांपैकी २१३ मध्ये बंदी असलेले पदार्थ सापडले, प्रमाण ३.८ टक्के, पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत सगळ्यात वाईट. म्हणजे प्रश्न मोठा आहे, पण सगळे घेतात हे धादांत खोटं आहे.

मुलाचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, कमी असेल तर डॉक्टरांना तो स्पर्धेत उतरतो हे सांगूनच औषध घ्या. सरावात तासातासाला केळं, गुळाची पोळी, साखर-मिठाचं पाणी जातंय का बघा, बरीच पोरं उपाशी सायकल चालवतात आणि मग दम कमी पडतो म्हणून इंजेक्शन शोधतात. पावडरचे डबे शक्यतो टाळा, कारण डब्यावर न लिहिलेलं काही आत निघालं तरी जबाबदार तोच धरला जातो. आणि त्या जिमवाल्याला एकदा समोरासमोर विचारा, बाटलीवरचं नाव काय, कुठल्या डॉक्टरने लिहून दिलंय. उत्तर आलं नाही तर जिम बदला आणि कोचलाही सांगा, त्या जिममध्ये इतरांची पोरंही जात असतील.