मुलाला क्रशरवर पाठवू का?

प्रश्न : मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. नाशिकजवळच्या एका खडी क्रशरवर त्याला मेन्टेनन्स ट्रेनी म्हणून बोलावलंय. त्याला पुढे खनिज प्रक्रिया प्लान्टमध्ये जायचंय. धुळीत राबण्यापेक्षा त्याने सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत एखाद्या कारखान्यात लागावं, असं मला वाटतं. काय करावं? – एक पालक, सिन्नर

उत्तर : पाठवा, पण काम फिटरसोबतच मिळेल हे आधी ठरवून घ्या. वजनकाट्यावर पावत्या फाडायला बसवणार असतील, तर अंबड बरं.

आपल्याकडचा काळा पाषाण कठीण आणि चिवट, त्यामुळे मशीन कुठे हरतं ते तिथे लवकर दिसतं. मशीन निवडीचा पहिला हिशेब त्याने डबर, म्हणजे खाणीतून येणारे मोठे दगड, बघून करावा. सर्वांत मोठा दगड जॉच्या (दोन जबड्यांत दगड चिरडणाऱ्या पहिल्या क्रशरच्या) तोंडाच्या साधारण ८० टक्क्यांत बसायला हवा. म्हणजे ६०० मिमीचा दगड येत असेल, तर तोंड किमान ७५० मिमी. ‘तीस बाय बेचाळीस’ इंचांचा जॉ तिथे जेमतेम पुरतो. टनेज बघून मशीन घेतात आणि दगड बघत नाहीत; मग तोंडाशी दगड अडकतो आणि पुढचा सगळा प्लान्ट उपाशी चालतो.

देखभालीत त्याने जॉ प्लेटपासून, म्हणजे जबड्याला लावलेल्या पोलादी पाटीपासून, सुरुवात करावी. मँगनीज स्टीलची ही प्लेट खालच्या टोकाला जास्त झिजते, म्हणून ती वेळेत उलटी करून लावतात. नवी बसवल्यावर पहिल्या काही तासांतच वेजचे (प्लेट आवळून धरणाऱ्या पाचरीचे) बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. ते राहिलं, तर प्लेट मागच्या बाजूने हादरते आणि फ्रेमची बैठक खाते. प्लेट बदलता येते, फ्रेम दुरुस्त करणं मात्र महागात पडतं.

जॉनंतर दगड आणखी बारीक करणारा शंकूच्या आकाराचा क्रशर म्हणजे कोन. त्याची दगड बाहेर पडायची गॅप मोजायला शिशाचा गोळा तारेला बांधून, रिकाम्या चालत्या क्रशरमध्ये सोडतात आणि चपटा झालेला तुकडा व्हर्नियरने मोजतात. हे चार बाजूंनी करायचं. एका बाजूला फरक आला, तर फीड, म्हणजे आत पडणारा दगड, एकाच कडेला पडतंय असा संशय घ्यावा. कोनचं पोट भरलेलं आणि फीड मधोमध हवं. अर्धवट भरलं तर लायनर (आतलं झिजणारं अस्तर) एकाच पट्ट्यात झिजतं. तेलाचं परतीचं तापमान रोज लिहावं. ते ६० अंशांकडे सरकू लागलं, की तेलाचा कूलर आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) तपासायचे.

स्क्रीनची, म्हणजे खडी आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाळणीची, जाळी बहुतेक वेळा झिजून नव्हे, ढिली राहून तुटते. ताण कमी असला की ती आधारपट्टीवर आपटत राहते आणि तारा नेमक्या तिथेच तुटतात. पावसाळ्यात ओली कच (दगडाचा बारीक चुरा) जाळीची भोकं बुजवते. तेव्हा जाळी बदलण्याआधी फीडची ओल बघावी.

खनिज प्लान्टमध्ये मशीनं बरीचशी हीच असतात, हेतू वेगळा. खडीत आकार विकतात, तिथे खनिज दगडापासून सुटं करायचं असतं. जास्त बारीक झालं तर तेच खनिज गाळात वाहून जातं. नागपूर-भंडाऱ्यात मॅंगनीजच्या खाणी आहेत. वर्षभराची झीज आणि बिघाड यांची वही हाताशी असली, तर तिथल्या मुलाखतीत बोलायला काहीतरी ठोस असेल. डिग्री करायचीच असेल, तर डिप्लोमावर थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहेच.

धुळीची काळजी रास्त आहे. पाण्याचे फवारे, दगड वाहणाऱ्या पट्ट्यांवर झाकणं आणि चांगला मास्क आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन बघा. त्याहून आधी हे विचारा : जॉमध्ये माणूस उतरण्यापूर्वी मेन स्विचला त्याचं स्वतःचं कुलूप लागतं का, किल्ली त्याच्याच खिशात असते का, आणि फ्लायव्हील (क्रशरचं जड चाक) पूर्ण थांबेपर्यंत वाट बघतात का? नाही म्हणाले, तर पगार कितीही असो, पाठवू नका.