काठ लहरतो तेव्हा : गोधडीच्या बॉर्डरविषयी प्रश्नोत्तरे

या वेळच्या प्रश्नांपैकी बहुतेक प्रश्न गोधडीच्या बॉर्डरविषयी आहेत आणि त्यांतली तक्रारही जवळपास एकच आहे: मधली जोडणी मनासारखी झाली, पण बॉर्डर लावल्यावर गोधडी जमिनीवर सपाट बसत नाही. माझे मत आधीच सांगते, कारण पुढची उत्तरे त्यावरच उभी आहेत. हा दोष शिवणीत कमी आणि मापात जास्त असतो. बॉर्डरकडे मी गोधडीची चौकट म्हणून पाहते. चौकटीचे माप आधी ठरते आणि आतला भाग तिच्यात बसवला जातो.

प्रश्न : मी बॉर्डरची पट्टी अंदाजाने लांब कापली, गोधडीच्या कडेला ठेवून एका टोकाकडून शिवत गेले आणि शेवटी उरलेला भाग कापून टाकला. आता चारही काठ झालरीसारखे लहरतात. नेमके काय चुकले?

उत्तर : पट्टी न मोजता शिवली, एवढेच चुकले, आणि ही चूक फार जणांकडून होते, कारण ही पद्धत सोपी वाटते. तुकडे जोडताना, इस्त्री करताना आणि हाताळताना गोधडीची बाहेरची कड सतत ओढली जाते. मध्यभागी प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंनी शेजाऱ्यांनी धरून ठेवलेले असते, तर कडेवरच्या तुकड्याची एक बाजू मोकळी असते. म्हणून काम पूर्ण होईपर्यंत कड मधल्या लांबीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर तरी वाढलेली असू शकते. न मोजलेली पट्टी या वाढलेल्या कडेचे माप घेते आणि ती वाढ कायमची शिवली जाते.

त्यात मशीनचाही हात असतो. खालचे दाते खालच्या कापडाला पुढे ओढतात आणि वरचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, वरच्या कापडाला किंचित मागे धरतो, त्यामुळे तेवढ्याच शिवणीत खालचे कापड जास्त जाते. पट्टी खाली असेल तर तीच जास्त जाते आणि लहरी आणखी वाढतात.

योग्य क्रम असा आहे. गोधडी सपाट पसरून तिची लांबी मधोमध आणि मध्याच्या दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर, अशी तीन ठिकाणी मोजावी. अगदी कडेवर मोजू नये. समजा, मापे 150, 150.5 आणि 151 सेंटिमीटर आली, तर सरासरी 150.5 येते. डाव्या-उजव्या दोन्ही पट्ट्या बरोबर याच मापाच्या कापाव्यात. नंतर पट्टीची आणि कडेची घडी घालून अर्धे, पाव आणि अष्टमांश भाग खुणावेत, खुणेवर खूण ठेवून टाचण्या लावाव्यात आणि मग शिवावे. कड 153 सेंटिमीटर भरत असेल, तर अडीच सेंटिमीटर जास्तीचे कापड आठ भागांत वाटले जाते, म्हणजे प्रत्येक भागात जेमतेम तीन मिलिमीटर. एवढे कापड सहज जिरते. जी बाजू लांब आहे ती मशीनवर खाली ठेवावी; दातेच ते काम करून देतात. बाजूच्या पट्ट्या लागल्यावर रुंदी पुन्हा मोजावी, या वेळी नव्या पट्ट्यांसकट, आणि मग वरची व खालची पट्टी कापावी. दुसरी बॉर्डर असेल तर हे सगळे पुन्हा करावे लागते. ते कंटाळवाणे आहे हे मला मान्य आहे, पण इथे वाचवलेली दहा मिनिटे पुढे उसवण्यात जातात.

तुमची गोधडी अजून भरण घालून शिवलेली नसेल, तर पट्ट्या उसवून पुन्हा लावा. दुसरा उपाय मी सुचवणार नाही.

प्रश्न : माझ्या तीन मापांत जवळजवळ तीन सेंटिमीटरचा फरक येतो. तरीही सरासरीच घ्यायची का?

उत्तर : नाही. सेंटिमीटरभर फरक सरासरीत सामावतो. तीन सेंटिमीटरचा फरक आतल्या जोडणीत काहीतरी बिघडल्याची खूण आहे आणि बॉर्डरने तो झाकू नये. बहुधा माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेले कापड, सगळीकडे सारखी घेतली गेलेली नसते. हिशेब करून पाहा: एका रांगेत 16 चौकोन असतील तर 15 शिवणी येतात; प्रत्येक शिवणीत माया अर्धा मिलिमीटर कमी पडली, तरी दोन्ही तुकड्यांचा मिळून एक मिलिमीटर वाढतो आणि रांग दीड सेंटिमीटरने लांबते. शेजारची रांग दुसऱ्या दिवशी, किंचित वेगळ्या मायेने शिवली असेल, तर दोन्ही रांगा एकमेकींशी कधीच जुळत नाहीत. कोणती रांग वेगळी पडते ते मोजून शोधा आणि तेवढ्याच शिवणी दुरुस्त करा.

प्रश्न : माझ्या गोधडीत चौकोन कोनावर उभे, म्हणजे शंकरपाळ्यासारखे लावलेले आहेत. बॉर्डर मोजूनच कापली, तरी काठ लहरतो.

उत्तर : या मांडणीत दोष बहुतेक वेळा कडेला भरलेल्या त्रिकोणांत असतो. कापड उभ्या धाग्याच्या दिशेने सर्वांत कमी ताणले जाते, आडव्या दिशेने थोडे अधिक आणि तिरप्या, म्हणजे उरेब दिशेने सर्वांत जास्त. कडेच्या त्रिकोणाची लांब बाजू गोधडीच्या बाहेरच्या काठावर येते; तीच उरेब असली तर काठ रबरासारखा ओढला जातो. म्हणून कडेचे त्रिकोण मोठा चौकोन दोन्ही कर्णांवर कापून, म्हणजे एका चौकोनाचे चार करून घ्यावेत. त्यामुळे त्यांची लांब बाजू सरळ धाग्यावर येते. चार कोपऱ्यांचे त्रिकोण मात्र एकाच कर्णावर कापावेत, म्हणजे त्यांच्या दोन आखूड बाजू सरळ धाग्यावर राहतात आणि त्याच बाहेर येतात. ही दोन कापणी उलटसुलट झाली की पुढे कितीही मोजले तरी काठ ताब्यात राहत नाही.

त्रिकोण आधीच लागले असतील, तर बॉर्डर लावण्याआधी काठापासून तीनेक मिलिमीटर आत चारही बाजूंनी एक साधी शिवण न ओढता घालून घ्या आणि इस्त्री घासू नका. उचलून ठेवा आणि पुन्हा उचला. उरेब काठावर वाफेची इस्त्री सरकवण्याइतके नुकसान दुसरे कशाने होत नाही. बॉर्डरच्या पट्ट्या शक्य असेल तर कापडाच्या किनारीला समांतर कापा. कापड थोडे जास्त लागते, पण न ताणली जाणारी पट्टी ताणलेल्या काठाला धरून ठेवते.

प्रश्न : हाताने धावदोरा घालून शिवले तर हा त्रास होत नाही ना?

उत्तर : दात्यांची ओढ नसते, एवढा फायदा नक्कीच होतो. मात्र हाताने शिवताना दोरा घट्ट ओढला जातो, शिवण आखडते आणि बॉर्डर मोकळी दिसते. दर वीतभर शिवणीनंतर बोटांनी कापड सरकवून सपाट करा आणि मग एक उलट टाका घालून ते स्थिर करा. मापे आणि खुणा हाताच्या शिवणीलाही तितक्याच लागतात.

प्रश्न : भरण आणि अस्तर घालून गोधडी पूर्ण झाली. मध्यभागी दाट टाके आहेत, बॉर्डर तशीच मोकळी ठेवली होती. आता ती लहरते. उसवावे लागेल का?

उत्तर : बहुधा लागणार नाही. टाके घातले की कापड आक्रसते. मध्यभाग दाट टाक्यांनी आत ओढला गेला आणि बॉर्डर होती तेवढीच राहिली. बॉर्डरवरही साधारण तितकेच दाट टाके घाला, सुरुवात आतल्या शिवणीजवळून करून बाहेर जा आणि जास्तीचे कापड प्रत्येक ओळीत थोडे थोडे वाटत राहा, म्हणजे चूण एका जागी साठत नाही. जाड, फुगीर भरण असेल तर झोल अधिक सहज जिरतो. पातळ भरणात तेवढी जागा नसते.

तरीही थोडी लहर उरली, तर गोट, म्हणजे काठावर दुमडून शिवायची अरुंद पट्टी, लावण्याआधी अगदी काठाजवळ लांब टाक्यांचा एक दोरा घाला, तो हलकेच ओढून काठ मधल्या मापावर आणा आणि मग गोट लावा. गोटाचे मापही काठाला लावून घेऊ नका. मधल्या मापाइतका गोट खुणावून टाचा. पण गोट ओढून शिवला तर काठ वाटीसारखा आत वळतो, तेव्हा तो फक्त मापाला बसवायचा आहे.

शेवटी गोधडी ओली करून, पाणी दाबून काढून, सपाट जागी जाड चादरीवर पसरा. दोन्ही कर्ण मोजून सारखे होईपर्यंत कोपरे सरकवा, काठ हाताने आत सारून टाचण्या लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका. सुती कापड आणि सुती भरण असेल तर यातच सेंटिमीटरभर लहर बसून जाते. त्याआधी गडद रंगाच्या तुकड्यावर ओला पांढरा कपडा दाबून रंग सुटतो का ते पाहून घ्या.