वाचकांचे प्रश्न : हरलेला खेळाडू पुन्हा अंतिम फेरीत कसा?

प्रश्न : आमच्या धरमपेठेतल्या घरी रात्र जागून टेनिसच्या एटीपी फायनल्सचे सामने पाहिले जातात. साखळीत पराभूत झालेला खेळाडू पुढे विजेता ठरतो, हे माझ्या वडिलांना पटत नाही. नियम नेमका काय आहे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : वडिलांची शंका रास्त आहे, कारण टेनिसमध्ये एरवी हरला की खेळाडू बॅग भरतो. 1970 मध्ये टोकियोत सुरू झालेल्या आणि 2021 पासून इटलीतील तुरिन येथे होणाऱ्या या स्पर्धेत मात्र मोसमातील अव्वल आठ खेळाडू प्रत्येकी चारच्या दोन गटांत साखळी पद्धतीने, म्हणजे गटातील प्रत्येकाशी एकेक सामना खेळतात व प्रत्येक गटातील दोघे उपांत्य फेरीत जातात. दोघांचे विजय सारखे असल्यास त्यांच्यातील सामना पाहिला जातो. तिघे बरोबरीत आले, की जिंकलेल्या सेटची टक्केवारी मोजावी लागते, आणि तेव्हा कागद-पेन घेऊन बसण्यावाचून गत्यंतर नसते.

2023 मध्ये यानिक सिनरने नोव्हाक जोकोविचला साखळीत 7-5, 6-7, 7-6 असे हरवले. स्वतःचा प्रवेश निश्चित झालेला असूनही सिनरने पुढे त्याच गटातील होल्गर रूनला नमवले, म्हणूनच जोकोविच उपांत्य फेरीत पोहोचला. त्याच जोकोविचने अंतिम सामन्यात सिनरवर 6-3, 6-3 अशी मात केली! अर्थात, साखळीतील पराभवाची किंमत मोजावी लागते : अपराजित विजेत्याला क्रमवारीचे 1500 गुण मिळतात, जोकोविचला 1300 मिळाले.