ह्या पानावर नवरा कुठे आहे?

"ताई, माझं झालं ते झालं. पुढच्या बाईचं असं होऊ नये म्हणून काहीतरी करावंसं वाटतं. पण तोंड उघडलं की घरची अब्रू चव्हाट्यावर. आणि एकटीने बोलून होणार तरी काय?" मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांचं मी समुपदेशन करते, आणि त्यांच्याकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की उत्तर एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

एका बाईची गोष्ट सांगते. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदललेत. ती माझ्याकडे आली तेव्हा राहत्या घरातून तिला काढू नये असा कोर्टाचा आदेश तिच्या हातात होता. तशी सुरक्षित होती, पण झोप लागत नव्हती. मारहाणीबद्दल विचारलं की सपाट आवाजात सांगायची. मदत मागायला गेलेल्या कचेऱ्यांचा विषय निघाला की मात्र आवाज चढायचा, हात थरथरायचे. मी पहिल्यापासून ह्या मताची आहे, की बाईला घर मोडतंच, पण मदत मागायला गेल्यावर जे वाट्याला येतं ते कधी कधी जास्त मोडतं. त्या रागावर 'मन शांत ठेवा' हा उपाय नव्हे. तो राग अगदी योग्य जागी असतो.

मी तिला एकच काम दिलं. मदत मागायला कुठे गेलात, कोणत्या तारखेला, समोरच्याने काय सांगितलं, एवढंच लिहून आणा. पुढच्या वेळी मुलीच्या जुन्या वहीतली दोन पानं घेऊन आली. पट्टीने रकाने आखलेले. 'पोलीस ठाणे : एन.सी. घेतली, म्हणाले मिटवून घ्या.' (एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद.) 'दवाखाना : पायऱ्यांवरून पडली असं लिहिलं, मी तसं सांगितलं नव्हतं.' 'संरक्षण अधिकारी : साहेब मीटिंगला.' (घरात मारहाण सोसणाऱ्या बाईला कायद्याची मदत मिळवून द्यायला नेमलेला सरकारी अधिकारी तो हा.) 'संरक्षण अधिकारी : साहेब दौऱ्यावर.' 'संरक्षण अधिकारी : बदली झाली, नवीन साहेब आले नाहीत.' प्रत्येक फेरीपुढे एसटीचं भाडंही लिहिलं होतं.

"हे कुणाला दाखवाल?"

"नको ताई. म्हणतील, नवऱ्याला वेशीवर टांगला."

"ह्या पानावर नवरा कुठे आहे, तेवढं दाखवा मला."

तिने बोट ठेवून ओळी वाचल्या. मग पुन्हा वरून वाचल्या. "ह्यात तर तो नाहीच."

"मग कोण आहे?"

"साहेब आहेत," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर हसली. "सगळे साहेबच आहेत!"

ह्या हसण्यावर मी बराच विचार केला आहे. व्यवस्थेविरुद्ध बोलायचं म्हणजे आपली जखम उघडी करायची, असं बायकांनी धरून ठेवलेलं असतं. सभांमधून आपणच त्यांना तसं शिकवलंय. व्यासपीठावर बोलावतो, रडवतो, शाल देतो. जखम ऐकली की अधिकारी हळहळतो आणि विषय तिथेच संपतो. तारखा ऐकल्या की त्याला उत्तर द्यावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी साधारण १४ टक्क्यांनीच कुणाकडे मदत मागितल्याचं दिसतं. म्हणजे कचेरीच्या दारापर्यंत पोचलेली बाई विरळाच, आणि तिथे काय घडलं हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं.

मग आम्ही कायदा उघडला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. बाईने कोर्टात केलेल्या अर्जावरची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी आणि तिथून साठ दिवसांत तो निकाली काढायचा प्रयत्न व्हावा, असं त्यात लिहिलंय. कलम ८ प्रमाणे संरक्षण अधिकारी नेमणं राज्य सरकारचं काम. कलम ११ प्रमाणे कायद्याची प्रसिद्धी करणं आणि पोलिसांना, न्यायाधीशांना प्रशिक्षण देणंही सरकारचंच. हे वाचून ती म्हणाली, "म्हणजे मला माहीत नव्हतं हा माझा अडाणीपणा नव्हता?" नव्हता. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमायला सांगितलं. कायदा होऊन जवळपास दोन दशकं लोटल्यावर!

तिने महिला लोकशाही दिनाला, म्हणजे बायकांच्या तक्रारी सरकारी अधिकाऱ्यांनी ऐकायच्या दिवशी, अर्ज दिला. जिल्ह्याच्या ठिकाणी तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो. तिथे कोर्टात चालू असलेलं प्रकरण घेत नाहीत आणि तक्रार वैयक्तिक लागते, म्हणून मजकूर जपून लिहावा लागतो. तिने नवऱ्याबद्दल अक्षर काढलं नाही. 'मला संरक्षण अधिकारी भेटले नाहीत, ह्या ह्या तारखांना' एवढंच लिहिलं, आणि खाली मागण्या: कचेरीबाहेर अधिकाऱ्याचं नाव, फोन आणि भेटीचे वार लिहिलेला फलक, साहेब नसतील तेव्हा अर्ज कोण घेणार त्याचं नाव, घेतलेल्या अर्जाची पोच.

फलकाने काय होतं, असं विचारणारे भेटतात. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने बायकांसाठी विशेष कक्ष सुरू केला तेव्हा तोही एकच कक्ष होता. आज राज्यभर तसे कक्ष आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये विधवांच्या अपमानाच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने तसं परिपत्रक काढलं. ग्रामसभेआधी होणारी महिला सभा म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. तिथे नुसती सही करून उठू नका.

सगळ्यांनी हे करावं असं मात्र मी म्हणणार नाही. अजून त्याच घरात असाल, धमक्या चालू असतील तर आधी स्वतःची सोय बघा. १८१ ह्या महिला हेल्पलाइनवर फोन करा. मुलांच्या ताब्याचा वाद कोर्टात असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय कुठे काही लिहून देऊ नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. आणि रागाच्या भरात फेसबुकवर लाइव्ह तर मुळीच जाऊ नका. त्याचा व्हिडिओ समोरचा वकील तुमच्याआधी जपून ठेवतो. माझ्या काही सहकाऱ्यांच्या मते अर्ज लिहायला बसणं हे समुपदेशनच नव्हे. नसेल. ती झोपायला लागली, एवढं मी त्यांना सांगते.

फलक लागला. पोच मिळायला लागली. अधिकाऱ्याकडे अजूनही दुसऱ्या खात्याचा जादा कार्यभार आहे, ते बदललेलं नाही. म्हणून आता तिने माहितीच्या अधिकारात अर्ज तयार केला आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून: गेल्या वर्षी तालुक्यात किती बायकांचे घरगुती घटना अहवाल (हिंसेची तक्रार आल्यावर संरक्षण अधिकारी भरतो तो अहवाल) तयार झाले आणि त्यातले किती कोर्टात पोचले? उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. मजकूर तिचा तिनेच लिहिला. माझ्याकडे फक्त शुद्धलेखन तपासायला आणला होता.