हक्कसोडची सही आणि माहेर

प्रश्न :
ताई नमस्कार. मी ३६ वर्षांची, पिंपरी-चिंचवडला राहते, माहेर सातारा जिल्ह्यात. दोन महिन्यांपूर्वी वडील अचानक गेले. आम्ही तिघं भावंडं, मी, धाकटी बहीण आणि शेंडेफळ भाऊ. आजोबांपासूनची सहा एकर जमीन आहे, दोन एकरात ऊस, बाकी जिरायत. दहाव्याच्या दिवशी नदीवरून घरी आलो, अजून जेवणं पण झाली नव्हती आणि चुलत्यांनी सगळ्या भावकीसमोर विषय काढला की पोरींनी आता हक्कसोड करून द्यावं, आपल्यात पोरी वाटा मागत नसतात. सगळे माना हलवत होते. आत्या म्हणाली मी पण सही दिलीय, जमीन पाहिजे असेल तर माहेर विसरायचं. भाऊ काहीच बोलला नाही, खाली बघत बसला होता. धाकटी तयार झालीये, तिला म्हणे भांडण नको. आता बाँड रायटरकडे कागद तयार आहेत, आईने आणि आम्ही दोघींनी सह्या करायच्यात. इकडे सासरी उलटंच, मिस्टर आणि सासूबाई म्हणतात कायद्याने मिळतंय तर का सोडायचं, फ्लॅटचं लोन तरी फिटेल. भाऊ गावात राहून आईला बघतो, त्याच्यावर अन्याय करायचा नाहीये मला. पण दहाव्याला जे झालं ते मनातून जातच नाहीये. सही करू का नको?

उत्तर :
तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर थांबले. "आईने आणि आम्ही दोघींनी सह्या करायच्यात." तू स्वतःच्या सहीचं विचारतेयस, पण आईची सही का हवीय हे कोणी सांगितलं का तुला? आधी ते बघू.

वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल असं धरून सांगते. आई, तू, बहीण आणि भाऊ असे चार वारस, चौघांना सारखा वाटा, म्हणजे सहा एकरात प्रत्येकी दीड एकर. वडिलोपार्जित म्हणून हिशोब केला तरी आपल्याकडे आईला धरून तो शेवटी तेवढाच येतो. म्हणजे आईची दीड एकर आहे, तिची स्वतःची, कोणाच्या मेहेरबानीची नाही. त्या कागदावर तिची सही झाली की तिच्या नावावर त्या शेतात एक गुंठा राहणार नाही. ६० वर्षांची बाई म्हणू आपण, अजून वीस-पंचवीस वर्षं काढायचीत तिला, आणि ती सगळी पोराच्या आणि सुनेच्या मर्जीवर. भाऊ चांगला आहे हे मान्य, चांगला असेल म्हणूनच तो खाली बघत बसला. पण चांगल्या माणसालाही अडचणी येतात, कर्ज होतं, जमीन विकावी लागते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. १९९९ ला माझे वडील गेले आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सही केली, माझ्याबरोबर आईनेही केली, एकाच दुपारी, एकाच पेनाने. मी दिलं त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, भाऊ राबत होता शेतात. पण आईला सही करू दिली ते मात्र आजपर्यंत टोचतं. शेवटची सहा वर्षं बीपीच्या गोळ्या संपल्या की ती आधी मला फोन करायची, का तर घरात सारखं सारखं पैसे मागायला तिला लाज वाटायची. भावाने कधी नाही म्हटलं नाही, प्रश्न तो नव्हताच. स्वतःच्या शेतातल्या उसाचं बिल आलेलं असताना तिला गोळ्यांचे पैसे मागावे लागत होते, प्रश्न हा होता.

आता "आपल्यात पोरी वाटा मागत नसतात" याबद्दल. हे वाक्य किती जुनं आणि किती चिवट आहे बघ. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मुलीला वाटा मांडला तेव्हा केवढा विरोध झाला, बिल रखडवलं म्हणून १९५१ ला त्यांनी मंत्रिपद सोडलं. नंतर १९५६ चा वारसा कायदा आला पण वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून हक्क फक्त मुलाला राहिला. महाराष्ट्राने १९९४ ला केंद्राच्या ११ वर्षं आधी मुलींना तो हक्क दिला, पण त्यात पण मेख होती, ज्यांचं लग्न आधीच झालंय त्या मुलींना वगळलं. म्हणजे लग्न झालेली पोर परक्याची हे भावकीच नाही तर कायदा लिहिणारेही धरून चालले होते. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ ला वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. इतकं सगळं झालं आणि तरीही गावात दहाव्याच्या दिवशी चुलते बोलले की कायदा संपतो! कारण कोर्ट लांब आहे आणि भाऊबीज दरवर्षी येते. तुझ्या आत्याला हेच माहीत होतं, तिलाही कोणीतरी असंच सांगितलं असणार आणि तेव्हा तिच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. म्हणून तिच्यावर राग धरू नकोस.

लग्नात खर्च केला हे पण ऐकवतील, तयारीत राहा. लग्नाचा खर्च भावाचाही होतोच, शिक्षणाचाही होतो, तो कोणी वाट्यातून कापत नाही.

भावाची बाजू पण आहे आणि ती खरी आहे. सातबारा सामायिक असला की सोसायटीचं पीककर्ज घेताना, नवीन बोअर नाहीतर विहिरीचं काम काढताना प्रत्येक वेळी सगळ्यांची संमती लागते, बहिणी एक पिंपरीला एक कुठे तिसरीकडे, त्याची दमछाक होते. त्यावर उपाय निघतो, संमतीपत्रं देता येतात, पीकपाणी त्यानेच बघायचं असं लिहून ठेवता येतं. सगळंच्या सगळं सोडून देणं हा एकच मार्ग असल्यासारखं तुम्हाला दाखवलं गेलंय.

मिस्टर आणि सासूबाईंना मात्र प्रेमाने पण ठाम सांग की लोन फेडायला माहेरची जमीन हा हिशोब या घरात व्हायला नको. वाटा तुझा आहे, तो ठेवायचा का सोडायचा हे तुझ्या बाजूने तू ठरवायचं. माहेरचे म्हणतात सोड, सासरचे म्हणतात घे, आणि दोन्हीकडे तुला काय वाटतं हे विचारलंय कोणी?

कागदाचं नीट समजून घे. आधी होते ती वारस नोंद, तलाठ्याकडे अर्ज करून चौघांची नावं सातबाऱ्याला लागतात. हक्कसोड ही वेगळी गोष्ट, ती दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात रजिस्टर व्हावी लागते. बऱ्याच बायकांना वारसाची सही म्हणून सांगितलेलं असतं आणि कागद हक्कसोडचा निघतो, तर तीन-तीनदा वाच, आणि तुमच्या ओळखीचा नसलेल्या वकिलाला दाखव. हक्कसोडला कसलीही मुदत नसते, पुढच्या वर्षी केली काय आणि पाच वर्षांनी केली काय. घाई फक्त भावकीला आहे. मात्र एकदा रजिस्टर झालं की तुला वाटलं म्हणून रद्द करता येत नाही, फसवणूक नाहीतर जबरदस्ती झाली असं कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं.

मला विचारशील तर आता फक्त वारस नोंद करा आणि वर्षश्राद्धापर्यंत बाकी कशाला हात लावू नका. त्यानंतरही तुला सोडावंसं वाटलं तर खुशाल सोड, तुझं माप कमी होणार नाही. पण मग भावाऐवजी आईच्या नावे हक्कसोड करता येते का हे वकिलाला विचार, म्हणजे आई आहे तोवर तिच्या हातात काहीतरी राहील आणि पुढे कोणाला द्यायचं ते तिने मृत्युपत्रात लिहावं. आईची स्वतःची सही मात्र कुठल्याही परिस्थितीत होऊ देऊ नकोस. यात मी मऊ बोलणार नाही.

आणि भावकीत एकटी बोलू नकोस. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनात हजारो बायका जमल्या, पुढे शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली तेव्हा चांगल्या खात्यापित्या शेतकऱ्यांनी स्वतःहून बायकोच्या नावे जमीन केली. गावात मान असलेल्या एकाने चारचौघांत केलं की दुसऱ्याला लाज वाटेनाशी होते. तुमच्याकडे असा एखादा मामा, एखादे गुरुजी, एखादा शहाणा चुलता असेलच, त्याला आधी भेट, मग त्याला घेऊन घरी बस. धाकटीलाही बोलाव, तिला भांडण नकोय म्हणजे तिला वाटा नकोच आहे असं नाही.

भावाशी मात्र एकट्याने बोल, ओसरीवर नाही. शेतात जा त्याच्याबरोबर. तुला काय वाटतं असं त्यालाच विचार, दहाव्याला त्यालाही कोणी विचारलं नव्हतं. मग आईला दोन दिवस तुझ्याकडे पिंपरीला आण आणि निवांत विचार, तिच्या नावावर दीड एकर आहे हे तिला माहितीये का? ती काय म्हणाली ते मला कळव.